घरपट्टीची माफी आणि वरची चूल

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर बांगडे साफ केले. देवाला गेलो नाही, एकमेकांचा हात धरून बसलो नाही. शनिवारी चौकात मासळीची गाडी लागते. तिथून मी बांगडे आणले, तिने कापले आणि मी शेजारी उभा राहून वर्तमानपत्र धरलं. डोकी, कल्ले, पोटातली घाण सगळी त्या कागदावर. मी पुडकं बांधून अंगणातल्या हिरव्या डब्याकडे निघालो, तर ही ओरडली.

"अहो, डब्यात नको! कचऱ्याची गाडी आत्ता कालच येऊन गेली. किडे पडतील त्यात. फ्रीझरमध्ये ठेवा."

"घाण फ्रीझरमध्ये? मटार ठेवतेस तिथे?"

"पिशवीत घालून ठेवा. गाडीच्या दिवशी सकाळी बाहेर काढू. इथले लोकसुद्धा असंच करतात."

"इथले लोक कुत्र्याला पलंगावर घेतात. तू घे."

"तुम्हाला घेतलंच ना इतकी वर्षं. कुत्र्याने काय घोडं मारलंय?"

मी पुडकं फ्रीझरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेथी निवडता निवडता तिने खुर्चीतच मान टाकली. अँब्युलन्स आली, माणसं आली, छातीवर दाबून बघितलं, काही झालं नाही. ती गेली आणि बांगड्यांची घाण फ्रीझरमध्ये राहिली.

इथे माणूस जाळल्यावर कॉफी देतात. सोबत केकचा तुकडा. आमचा मुलगा तो ठरवून आला होता, लिंबाचा का चॉकलेटचा असं त्याला विचारलंसुद्धा होतं म्हणे. मराठी मंडळी बरीच आली होती, सगळी मुलाच्या ओळखीची, काळ्या कोटातली. हिला त्यांतल्या निम्म्यांनी पाहिलं नव्हतं. केक मात्र सगळ्यांनी खाल्ला. एकाने तर माझ्यासमोर, तोंडात घास असताना, "काकांची काळजी घ्यायला हवी आता" म्हटलं. मला त्याच्या तोंडातला पिवळा लगदा दिसत होता. मी तिथून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

मी शाळा फार शिकलेलो नाही. कोकणातून बोटीवर खलाशी म्हणून निघालो, रॉटरडॅमला उतरलो तो उतरलोच. बंदरात माल लावायचं काम केलं. डच भाषा मला येते ती गोदीतली, शिव्यांसकट. ही दहावी झालेली. शाळेची साफसफाई करता करता तिथल्या बायकांकडून ती नीट डच शिकली, वाचायला आणि लिहायलासुद्धा. घरातलं सगळं लिहिणं तिचं. मी सही करायचो.

घर आमचं लहान, पण दोन मजल्यांचं, आणि वरच्या मजल्याला बाहेरून वेगळं दार आणि वेगळा नंबर. मुलगा लग्न करून आल्मेरेला गेल्यावर आम्ही वरचा मजला भाड्याने द्यायला लागलो. वर एक खोली, न्हाणीघर, आणि भिंतीला लागून विजेची काचेची शेगडी. भाडेकरू कायम आपली मराठी पोरं, इथे पुढचं शिकायला आलेली. आणि हिचा नियम एकच. वरची शेगडी पेटवायची नाही. जेवायला खाली यायचं.

हिच्या माहेरी दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. मग हिच्या आईला एका चुलीवरून उठून दुसऱ्या चुलीकडे मीठ मागायला जावं लागलं, आणि ते मीठ मिळालं नाही. एवढं एकच ती सांगायची, पुन्हा पुन्हा. एका घरात दोन चुली झाल्या की घर मोडलं. भाडेकरू असला म्हणून काय झालं? छपराखाली आहे ना? त्या वरच्या शेगडीवर ही कांद्याची टोपली ठेवायची.

आता जी मुलगी वर राहते ती सोलापूरकडची. पाणी आणि माती यांचं काहीतरी शिकते, दुसरं वर्ष, शेवटचं. शनिवार-रविवार फुलांच्या काचघरात कुंड्या भरायला जाते. हिला आजी म्हणायची, मला आजोबा म्हणते. येताना शेंगदाण्याची चटणी घेऊन आली होती. हिने बांगड्याचं तिखलं वाढलं तर पहिल्या दिवशी नाक धरलं, आणि महिन्याभरात काटे चोखायला लागली.

घरात सुतक होतं तेव्हा चूल बंद. मुलाने हॉटेलातून डबे लावले होते, त्यात सगळं गोड. पंजाबी गोड. पोरगी म्हणाली, "आजोबा, मी वर थोडं पिठलं करू का? वरचं वेगळंच आहे तसं."

"वेगळं कसलं? तूही याच घरातली. तुझीही बंद."

आम्ही दोघं पाव आणि दही खात बसलो.

आता घरपट्टीचं सांगतो, कारण खरी घाण तिथेच आहे.

खेमेंते म्हणजे इथली नगरपालिका. तिची जी पट्टी येते तिचे दोन भाग असतात. घराचा भाग मालकाने भरायचा. कचऱ्याचा आणि सांडपाण्याचा भाग जो राहतो त्याने. आम्ही आपले सगळ्यालाच घरपट्टी म्हणतो. वरच्या मजल्याला वेगळा नंबर, म्हणून वरच्या पोरांना त्यांच्या भागाची पट्टी त्यांच्याच नावाने यायची. कमाई नसलेल्या, पुढचं शिकणाऱ्या पोरांना ती माफ होते. ही दरवर्षी त्यांना घेऊन बसायची, अर्ज करून द्यायची, आणि माफी मिळायची. पण अट अशी की पोरगं स्वतंत्र राहत असलं पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या संसारात राहत असेल, तर त्या घरच्या माणसाची मिळकत, त्याचं घर, सगळं जमेस धरतात आणि माफी जाते. ही अट मला माहीत नव्हती. मला फक्त "झाली हो माफी" एवढंच कळायचं, आणि त्या दिवशी शिरा व्हायचा.

यंदा पोरीचा अर्ज गेला, आणि मागोमाग हिचं नाव घरातून कमी झालं. कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं असावं. खेमेंतेची एक बाई घर बघायला आली. चांगली होती, खोटं कशाला बोलू. बूट पुसून आत आली, हिच्याबद्दल वाईट वाटल्याचं बोलली, मी कॉफी दिली. मग आम्ही तिघं वर गेलो. पोरगी माझ्या मागे.

बाईने टोपली बाजूला करून शेगडीवरून हात फिरवला. "हे वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही."

"नवीकोरी आहे," मी म्हणालो. मला अभिमानच वाटला. "एक ओरखडा दाखवा."

"कधी बसवली?"

"झाली की वर्षं."

मागे पोरगी खोकली.

"मग स्वयंपाक कुठे होतो?"

"खाली. माझ्या बायकोचा नियम होता. एका घरात एक चूल."

"म्हणजे तुम्ही एकत्र जेवता."

"रोज. एकाच पातेल्यातलं."

पोरगी पुन्हा खोकली, जोरात. मी म्हटलं, खाली आल्यावर हळदीचं दूध देऊ.

"आणि सामान कोण आणतं?"

"ज्याच्या लक्षात येईल तो. कधी ती दूध आणते, कधी मी. असं कोण बघतं?"

बाई हातातल्या पाटीवर बोटाने टिपत होती. मग टिपायचं थांबली. "माफ करा, पण हे विचारावं लागतं. तुम्हा दोघांचं आणखी काही नातं आहे का?"

"ती मला आजोबा म्हणते."

"तसं नाही. जोडीदार म्हणून, असं."

आधी मला अर्थच लागला नाही. मग पोरीच्या तोंडाकडे बघितलं, ते लाल झालेलं, आणि लागला. माझ्या तोंडात कडू पाणी आलं. खरोखर आलं, म्हणायला म्हणून नाही. त्या खोलीत, कांद्याच्या टोपलीसमोर, मला थुंकावंसं वाटलं आणि थुंकायला जागा नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "माझ्या बायकोचं घड्याळ अजून खालच्या टेबलावर चालू आहे. तुम्हाला बाप आहे का? त्याला विचारून या आधी."

"मला सगळ्यांनाच विचारावं लागतं," ती म्हणाली. रागावलीसुद्धा नाही. तेच जास्त किळसवाणं. तिला त्यात काही वाटलंच नाही, पाऊस आहे का बाहेर असं विचारावं तसं विचारलं तिने. खाली येऊन उरलेली कॉफी प्यायली, बिस्किट घेतलं, आणि सांगितलं की आत्ता आहे तसं बघता हा एकच संसार धरावा लागेल, म्हणजे माफी नाही. पुढे मुलीने खरंच वेगळं केलं, वर शेगडी वापरात आली, तर कळवा. मी पुन्हा येऊन बघेन.

दार लावून मी वळलो. पोरगी जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"आजोबा, मी मागून खुणा करत होते."

"मला वाटलं तुला खोकला झालाय."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते येत नाही. मी उभा राहिलो.

"आजींनी सांगून ठेवलं होतं," ती नाक पुसत म्हणाली. "कुणी विचारलं तर चूल वेगळी आहे म्हणायचं."

"कोण म्हणालं?"

"आजी."

"ती? 'चूल वेगळी' असं तोंडाने म्हणाली?"

"हो. सांगताना वेगळी म्हणायची, आणि जेवायला खाली यायचं. म्हणाल्या, तुझ्या आजोबांना यातलं काही बोलू नकोस, ते कुठेही खरं बोलून बसतात."

घ्या. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल तिने काढलेला निष्कर्ष. आणि बरोबर होता. ती गेल्यावर महिन्याच्या आत मी तो खरा करून दाखवला.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"माझ्या मैत्रिणीच्या घरात जागा आहे. एका खोलीत दोघी, तिथे पट्टी वगैरे काही नावाने येत नाही, मालक बघतो. शुक्रवारपर्यंत सांगायचंय. इथे राहून ही पट्टी भरायची तर काचघरात जास्त दिवस जावं लागेल, आणि माझा प्रबंध आधीच मागे आहे. परवानगीसुद्धा नाही तेवढे तास काम करायची." मग म्हणाली, "जाऊ का?"

हे विचारणं झालं? मी म्हटलं, बघू.

मुलाला फोन केला. तो झुइडासला, मोठ्या ऑफिसांच्या भागात, एका काचेच्या मनोऱ्यात बसतो. दिवसभर कॉलवर असतो, मलाही कॉलसारखाच बोलतो.

"बाबा, तुम्ही सिंपली सेपरेट म्हणायचं ना. कोण चेक करतं?"

"केलं की चेक. प्लास्टिकला हात लावून."

"ओके. पण टेक्निकली ती टेनंट आहे, अपील करता येईल." मग तिकडे दार लावल्याचा आवाज आला. "आणि खरं सांगू? जाऊ दे तिला. तसंही बरं दिसत नाही आता."

"काय बरं दिसत नाही?"

"आई होती तोवर ठीक होतं. लोक बोलतात, बाबा."

"कोण लोक?"

"लोक म्हणजे लोक. मराठी मंडळाच्या मीटिंगला विषय निघाला होता."

म्हणजे केक खाणारे. त्या बाईला निदान पगार मिळतो असलं विचारायचा. यांना फुकट सुचलं. आणि माझा मुलगा, हिच्या हातचं खाऊन वाढलेला, तो तिथे बसून ऐकत होता आणि आता मला ऐकवत होता.

"घर विकून टाका आणि इकडे या," तो म्हणाला. "वरची रूम रिकामी आहे, अटॅच्ड बाथरूम. नातवंडं आहेत."

नातवंडं मला डचमध्ये उत्तर देतात आणि माझ्या डचवर हसतात. ते चालेल. पण मी विचारलं, "आणि जेवायचं काय?"

"जेवायचं काय म्हणजे? आम्ही मील-बॉक्स मागवतो. सगळं कापून येतं, ग्रॅम ग्रॅम मोजून. वीस मिनिटांत होतं."

मी फोन ठेवला. कापून आलेली भाजी. मोजून. कुणीच न निवडलेली. माझ्या घरात अर्धी निवडलेली मेथी त्या दिवशी तशीच टेबलावर राहिली होती, ती मी काळी पडेपर्यंत उचलली नव्हती, पण ती निदान कुणीतरी निवडत होतं.

शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं वरण-भात जेवत होतो. हिचं बघून बघून शिकलेले दोनच पदार्थ मला येतात, ते हेच दोन. पोरीने चटणी वाढून घेतली. मी म्हटलं, "उद्यापासून तू वर शिजव."

ती चमकली, आणि लगेच खूश झाली. "हो ना! मीही तेच म्हणणार होते. प्लास्टिक काढू, थोडे डाग पाडू, दोन भांडी ठेवू. त्या बाई येऊन बघून जातील. आणि जेवू इथेच. आजींनी तेच केलं असतं."

"तिला जमायचं. माझ्या तोंडावरून त्या बाईने एका कपात सगळं काढून घेतलं. पुन्हा येईल तेव्हा पुन्हा काढेल."

"मग?"

"मग खरंच वेगळं. तू वर शिजव, वर जेव. मी खाली. सामान तुझं तुझं."

पोरीने हात ताटात तसाच ठेवला. "आजोबा, असं कशाला? मी जातेच त्यापेक्षा. तुम्ही आजींचा नियम मोडू नका माझ्यासाठी."

"नियम तिनेच मोडला होता. मला न सांगता. दरवर्षी." माझा आवाज चढला, तो पोरीवर नव्हता. "आणि तू गेलीस तर इथे चूल एकच राहील, पण माणूसही एकच. वर कुणी चालल्याचा आवाज लागतो मला. बास. वरण घे."

तिने वरण घेतलं. शेवटचा भात तिने पातेल्यात निपटून घेतला, आणि हात धुवायला उठली तेव्हा जाता जाता माझंही ताट उचलून घेऊन गेली.

सकाळी कचऱ्याच्या गाडीचा दिवस होता. मधल्या काळात ती गाडी येऊन गेली असणार, पण मी फ्रीझर उघडलाच नव्हता. उघडला. मटारांच्या मागे ते पुडकं होतं, दगड झालेलं, वर्तमानपत्राची अक्षरं बर्फातून दिसत होती. अंगणात नेऊन हिरव्या डब्यात टाकलं. धाडकन वाजलं. डबा रस्त्याच्या कडेला लावला, दांडा बाहेर करून, ती लावायची तसा.

मग बांगड्यांची सुरी घेतली, एक लहान पातेलं, दुधाचा डबा, आणि वर गेलो. पोरगी दात घासत होती, ब्रश तोंडात ठेवून दार उघडलं. मी कांद्याची टोपली तिच्या हातात दिली आणि शेगडीवरचं प्लास्टिक सोलायला लागलो. कडेला घट्ट बसलं होतं. सुरीचं टोक घालून उचकटावं लागलं. एका कोपऱ्यात काचेवर ओरखडा पडला. पडू दे.

पातेलं ठेवलं, दूध ओतलं, शेगडी लावली. नव्या काचेखाली लाल गोल उमटला. इतकी वर्षं घरात असून मी तो कधी पाहिला नव्हता. आम्ही दोघं बघत उभे. दुधाला कढ आला, वर चढायला लागलं, तशी पोरीने बटणाकडे हात नेला.

"आजोबा, उतू जाईल."

"जाऊ दे. नव्या चुलीवर घालवतात."

उतू गेलं. काचेवर फेस पसरला, चरचरला, तपकिरी झाला, जळका वास खोलीभर झाला. मला तो वास कधीच आवडला नाही. पोरगी फडकं शोधत होती.

मी खाली आलो, सुरी धुतली, आणि एकट्यापुरता भात टाकला.